उरलेल्या भागांचा इतिहास : अमेरिकेतील लघुमोटारींची किटे आणि हौशी कारागिरी

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेचा सामाजिक इतिहास लिहिताना मोटारीला मध्यवर्ती स्थान दिले जाते. महामार्गांचे जाळे, उपनगरांची वाढ, मोटारीत बसूनच चित्रपट पाहण्याची खुली चित्रपटगृहे, पेट्रोलपंपाभोवती उभी राहिलेली वस्ती या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. याच काळात असंख्य घरांत, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, दहा-पंधरा वर्षांची मुले दुसऱ्याच एका मोटारीची बांधणी करीत होती. ती मोटार मूळ मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी होती आणि खोक्यातून सुट्या प्लास्टिक भागांच्या रूपाने येत होती. या संचास 'किट' हाच शब्द सर्वत्र रूढ झालेला असल्याने येथेही तोच वापरला आहे.

या छंदाकडे अभ्यासकांनी सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी खेळण्यांच्या उद्योगाची आणि दुसरी गतकातरतेची. या दोहोंत एक गोष्ट निसटते. किटमधून मोटार बांधून झाल्यावर खोक्यात काही भाग उरत असत. ते का उरत, त्यांचे पुढे काय होई आणि त्यांतून कोणते कौशल्य निर्माण झाले, याचा मागोवा घेतल्यास एका मोठ्या औद्योगिक व्यवस्थेच्या कडेला वाढलेल्या लोककारागिरीचे दर्शन घडते. तिचे पुरावे आज झपाट्याने नष्ट होत आहेत. प्रस्तुत लेखात या उरलेल्या भागांच्या अनुषंगाने विचार केला आहे.

पूर्वपीठिका : लाकडाची मोटार

प्लास्टिकच्या किटांपूर्वीही अमेरिकेत मुलांनी लघुमोटारी बनविण्याची एक प्रतिष्ठित परंपरा होती. जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३० मध्ये 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' ही स्पर्धा सुरू केली. आरंभी स्पर्धकांना नेपोलियनकालीन राजरथाची छोटी प्रतिकृती आराखड्यावरून तंतोतंत बनवावी लागे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटारीचा नमुना करण्याचा विभाग त्यात समाविष्ट झाला आणि पुढे तोच मुख्य ठरला. नमुना १:१२ प्रमाणात असे. लाकडाचा ठोकळा कोरून, घासून, त्यावर रंगाचे थर चढवून आणि धातूचे बारीक भाग हाताने घडवून तो पूर्ण करावयास कित्येक महिने लागत. विजेत्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ च्या स्पर्धेतील विजेता चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्सच्या संपूर्ण डिझाइन विभागाचा उपाध्यक्ष झाला, यावरून कंपनीचा त्यामागील हेतू स्पष्ट होतो. खेळाच्या मिषाने ती आपले भावी अभिकल्पक हेरीत होती. स्पर्धा केवळ मुलग्यांसाठी होती, आणि ही मर्यादा पुढे किटांच्या जाहिरातींनीही निमूटपणे स्वीकारली.

गिल्डची स्पर्धा १९६८ मध्ये बंद पडली. तिचा दर्जा निःसंशय उच्च होता. परंतु तिला लागणारा वेळ, हत्यारे आणि वडिलधाऱ्यांचे मार्गदर्शन प्रत्येक घरी उपलब्ध नव्हते. ज्या मुलाला लाकूड कोरता येत नव्हते त्याच्यासाठी या वाटेवर प्रवेश नव्हता. किटाने तो खुला केला.

विक्रेत्याच्या टेबलावरून खोक्यात

प्लास्टिक किटांचा उगम एकाच ठिकाणी दाखविता येत नाही. ब्रिटनमध्ये 'फ्रॉग' कंपनीने १९३६ मध्ये विमानांची प्लास्टिक किटे बाजारात आणली होती. 'एअरफिक्स'ने १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरचा छोटा नमुना केला, तो मुळात ट्रॅक्टर विकणाऱ्या प्रतिनिधींच्या हाती देण्यासाठी. अमेरिकेत 'रेव्हेल'ने १९५० च्या दशकाच्या आरंभी जुन्या मोटारींची 'हायवे पायोनियर्स' ही १:३२ प्रमाणातील मालिका विकली आणि ती लोकप्रिय ठरली. मात्र मोटारीच्या किटाला जे विशिष्ट अमेरिकी रूप आले त्याचे मूळ डेट्रॉइट आणि त्याच्या परिसरात शोधावे लागते.

मोटार कंपन्या दरवर्षी नवे मॉडेल आणीत आणि विक्रेत्यांना त्याच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती पुरवीत. त्यांना 'प्रोमो' म्हणत. त्या मोटारीच्या खऱ्या रंगात मिळत आणि गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या मुलाच्या हाती पडत. मिशिगनमधील ट्रॉय येथे १९४८ मध्ये स्थापन झालेली 'एएमटी' आणि डेट्रॉइटची 'जो-हान' या कंपन्या या व्यवसायात अग्रेसर होत्या. एएमटी हे नाव 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज' या शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. तिची पहिली फोर्ड ओतीव ॲल्युमिनियमची होती, नंतर मात्र प्लास्टिक आले. आरंभीचे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचे असल्याने काही वर्षांत ते वाकडेतिकडे होई. त्या काळातील किती तरी प्रोमो आज केळ्यासारखे वक्र झालेले आढळतात. पॉलिस्टायरीन आल्यावर ही अडचण दूर झाली.

प्रोमो तयार करण्यासाठी मोटार कंपनीकडून नव्या मॉडेलची रेखाचित्रे आगाऊ मिळत असत आणि पोलादी साचा करण्याचा खर्च मोठा असे. एकदा तयार झालेला साचा केवळ विक्रेत्यांच्या मागणीपुरता वापरणे परवडणारे नव्हते. १९५८ मध्ये एएमटीने तोच साचा वापरून, प्रोमो न जोडता सुट्या भागांत खोक्यात घालून मुलांना विकण्यास आरंभ केला. मोटारीचा सांगाडा एकसंध राहावा यासाठी चारही बाजूंनी सरकणाऱ्या साच्यांचे तंत्र वापरले जाई. त्यामुळे छत, दरवाजे आणि बाजू एकमेकांना चिकटवीत बसण्याचे किचकट काम उरले नाही आणि दहा वर्षांच्या मुलाच्याही हातून मोटार मोटारीसारखी दिसू लागली. या पहिल्या किटांत इंजिनही नव्हते.

या किटाला 'थ्री इन वन' म्हटले गेले. एकाच खोक्यातील भागांतून मोटार तीन प्रकारे बांधता येई : कारखान्यातून निघाली तशी, हौसेने नटविलेली किंवा शर्यतीची. त्यासाठी मागच्या चाकांवरची झाकणे, निराळे बंपर, दिव्यांची भिंगे, धूर सोडणाऱ्या लांब नळ्या, शर्यतीचे आकडे छापलेली चिकटचित्रे असे कितीतरी जादा भाग दिले जात. व्यापारी दृष्टीने ही युक्ती साधी होती. सांगाड्याचा महागडा साचा तोच ठेवायचा आणि छोट्या स्वस्त साच्यांवर तीन खेळण्यांचे आकर्षण निर्माण करायचे. परंतु खोक्यात सांगाडा एकच होता. तीनपैकी एक मोटार बांधली की उरलेल्या दोन मोटारींचे भाग तसेच राहत. या युक्तीचा हा परिणाम कंपनीने कितपत ताडला होता हा प्रश्न गौण आहे. महत्त्वाचे हे की दुसरे किट आले, तिसरे आले, आणि मुलाच्या खाटेखाली एक पेटी भरू लागली.

पेटी आणि तिच्यातील विद्या

सुट्या भागांची ही पेटी प्रत्येक हौशी मुलाकडे असे. कधी ती सिगारचे खोके असे, कधी बुटांचे. मराठी घरांत 'लागेल कधीतरी' म्हणून माळ्यावर टाकलेल्या वस्तूंचे जे स्थान तेच तिचे. पेटीत इंजिने, चाके, पुढच्या जाळ्या, आसने आणि रुपेरी मुलामा दिलेले बंपर साठत जात. किटाबरोबर आलेला सूचनांचा कागद तीन मार्ग दाखवीत असे. पेटीने चौथा मार्ग दाखविला. फोर्डच्या सांगाड्यात क्रायस्लरचे इंजिन बसेल काय, हा प्रश्न सूचनापत्रकात कोठेच नव्हता. तो सोडविण्यासाठी मुलाला इंजिनाचे आधार कापावे लागत, बोनेटखालची जागा मोजावी लागे, आणि नाही बसले तर पुढचा आस पुढे सरकवावा लागे. भागांचे प्रमाण सर्वसाधारणपणे १:२५ हेच असल्याने एका कंपनीचा भाग दुसऱ्या कंपनीच्या मोटारीला लागू पडे. रेव्हेल आणि शिकागोची 'मोनोग्रॅम' यांची काही किटे १:२४ होती, तरी चाकाच्या बाबतीत तेवढा फरक डोळ्यांत भरत नसे.

या विद्येचा सर्वांत कठीण धडा छत खाली आणण्याचा होता. खऱ्या मोटारींवर हे काम लॉस एंजेलिसच्या परिसरात होत असे. जॉर्ज बॅरिसच्या कार्यशाळेत १९५१ च्या मर्क्युरीपासून घडविलेली हिरोहाता यांची मोटार त्याचा आदर्श नमुना मानली जाते. प्लास्टिकवर हे करताना वरवर पाहता खिडक्यांच्या खांबांतून एक पट्टी कापून काढली आणि वरचा भाग खाली चिकटविला की काम संपावे. प्रत्यक्षात तसे होत नाही. पुढचा आणि मागचा खांब वर जाताना एकमेकांकडे कललेले असतात. मधली पट्टी काढली की वरच्या भागातील खांबांची टोके खालच्या खुंटांपेक्षा आत येतात. छत आखूड पडते. मग ते मधोमध आडवे कापून त्यात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते, किंवा खांब ऊब देऊन अधिक कलते करावे लागतात. काचही नवी कापावी लागते. ज्या मुलाने हे एकदा केले त्याला भूमितीचा एक प्रमेय हाताने समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

फटी बुजविण्यासाठी बाजारात लांबी मिळे, पण ती वाळताना आकसे. जाणकार मुले भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले येत, त्या चौकटीचे तुकडे चिकटद्रव्यात विरघळवून स्वतःची लांबी करीत. ती मूळ सांगाड्याच्याच द्रव्याची असल्याने एकजीव होई. हीच चौकट मेणबत्तीवर ऊब देऊन ओढली की केसाएवढी बारीक तार निघे आणि तिची रेडिओची अँटेना होई. इंजिनाच्या तारांसाठी शिवणाचा दोरा चाले. मोटारीच्या दुकानातील लॅकर सरळ फवारले तर प्लास्टिकवर बारीक भेगांची जाळी उमटे, म्हणून आधी अस्तराचा हात द्यावा लागतो, हे ज्ञान बहुतेकांना एखादे छान किट वाया घालवूनच मिळाले. १९६० च्या दशकातील 'कार मॉडेल' आणि 'मॉडेल कार सायन्स' या मासिकांनी अशा युक्त्यांचे लेख आणि वाचकांच्या मोटारींची छायाचित्रे छापली, आणि एकट्या मुलांची धडपड एका समूहाची परंपरा बनली.

कारखाना कारागिरांकडे वळतो

मुले काय करीत आहेत हे उत्पादकांच्या लक्षात येण्यास फार काळ लागला नाही. एएमटीने जॉर्ज बॅरिस, डेट्रॉइटचे अलेक्झांडर बंधू, डॅरिल स्टारबर्ड, जीन विनफिल्ड अशा नामवंत मोटार-सजावटकारांना हाताशी धरले. त्यांनी सुचविलेले भाग किटांत येऊ लागले. जुन्या मोटारींची 'ट्रॉफी सिरीज' १९३२ च्या फोर्डपासून सुरू झाली, तीत इंजिनेही होती. एएमटीने ॲरिझोनातील फिनिक्स येथे विनफिल्डच्या देखरेखीखाली पूर्ण आकाराच्या मोटारी बांधणारी कार्यशाळाही उघडली. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतील 'गॅलिलिओ' हे यान तेथेच तयार झाले.

रेव्हेलने एड रॉथ याच्याशी करार केला. रॉथच्या विक्षिप्त मोटारी आणि 'रॅट फिंक' नावाचा त्याचा गलिच्छ उंदीर १९६३ च्या सुमारास दुकानांतून खपत होता. त्याची दुहेरी इंजिनाची 'मिस्टेरिअन' ही मोटार मूळ रूपात टिकली नाही. तिची पूर्ण आकाराची नक्कल पुढे जेव्हा बांधली गेली तेव्हा छायाचित्रांबरोबर रेव्हेलच्या किटाचाही आधार घ्यावा लागला. खेळण्याने ऐतिहासिक साधनाचे काम केल्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. उलट दिशेचाही दाखला आहे. टॉम डॅनियलने मोनोग्रॅमसाठी कल्पिलेली 'रेड बॅरन' ही जर्मन शिरस्त्राणाचे छत असलेली मोटार १९६८ मध्ये आधी किट म्हणून आली आणि मागाहून तिच्यावरून खरी मोटार बांधली गेली.

तथापि या सहकार्याची एक बाजू क्वचितच नोंदविली जाते. सजविलेली मोटार किटातच तयार मिळू लागल्यावर मुलाने स्वतः काही ठरविण्याची गरज कमी झाली. नामवंतांचे नाव खोक्यावर आले आणि पेटीचे महत्त्व तितकेच घटले. कारागिरीचे कौतुक करीत करीत उद्योगाने ती काही अंशी स्वतःच्या ताब्यात घेतली, असा निष्कर्ष येथे काढावा लागतो.

चिकटद्रव्याचा वाद आणि ओहोटी

या छंदाला समाजाचा आशीर्वाद सदैव लाभला असे नाही. भाग जोडण्याच्या चिकटद्रव्यात टोल्यूइनसारखी द्रावके असत. ती प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करीत. १९५९ पासून ते हुंगून नशा करणाऱ्या मुलांच्या बातम्या वृत्तपत्रांत झळकू लागल्या. ठिकठिकाणी विक्रीवर निर्बंध आले. अखेर १९६० च्या दशकाच्या शेवटी 'टेस्टर्स' कंपनीने आपल्या चिकटद्रव्यात मोहरीचे झोंबणारे तेल मिसळले. धोका खरा होता, यात शंका नाही. परंतु घरबसल्या आणि शहाण्या मुलांचा समजला जाणारा हा उद्योग काही वर्षे पालकांच्या संशयाचा विषय बनला.

ओहोटीची इतर कारणे अधिक परिणामकारक होती. विजेवर धावणाऱ्या छोट्या मोटारींची लाट १९६० च्या दशकाच्या मध्यास आली. १९७३ च्या तेलसंकटाने प्लास्टिक महाग केले आणि खऱ्या मोटारींचाही रुबाब उतरविला. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' आला आणि मुलांचे लक्ष अंतराळयानांकडे गेले. त्या चित्रपटातील यानांचा पृष्ठभाग रणगाडे, जहाजे, मोटारी यांच्या किटांचे शेकडो सुटे भाग चिकटवून सजविला होता. ब्रिटनमधील 'थंडरबर्ड्स' या मालिकेच्या प्रतिकृतिकारांनी हे तंत्र त्याआधीच वापरले होते. म्हणजे ज्या पेटीच्या जोरावर मोटारींची कारागिरी वाढली, त्याच प्रकारच्या पेटीने तिचा प्रतिस्पर्धीही घडविला.

जपानमध्ये या काळात वेगळा आदर्श उभा राहिला. 'तामिया'ने १:१२ प्रमाणातील पोर्शच्या किटासाठी खरी पोर्श मोटार विकत घेऊन ती सुटी केली. अशा किटात प्रत्येक भाग अचूक बसे आणि जादा असे फारसे काही उरत नसे. अचूकतेच्या कसोटीवर हे किट अमेरिकी किटांहून सरस होते, हे मान्यच करावे लागेल. मात्र त्यात चौथ्या मार्गाला वाव कमी होता. अमेरिकी किटातील ढिसाळपणाच मुलाला कानस हाती घ्यावयास लावीत असे.

अमेरिकी कंपन्यांची पुढे उलथापालथ झाली. एएमटी प्रथम ब्रिटनच्या 'लेस्नी'कडे आणि १९८३ मध्ये 'अर्टल'कडे गेली. रेव्हेल आणि मोनोग्रॅम १९८६ मध्ये एकत्र आल्या. रेव्हेलची अमेरिकी मालक कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाल्यावर तो व्यवसाय जर्मन मालकीत गेला. जो-हानचे साचे विखुरले.

साचे, संग्राहक आणि पुराव्याचा प्रश्न

इतिहासाच्या अभ्यासकास सर्वाधिक विचार करावयास लावणारी बाब या साच्यांशी निगडित आहे. दरवर्षीच्या किटासाठी नवा साचा करण्याऐवजी, शक्य तेथे गतवर्षीच्याच साच्यात फेरफार करून नव्या वर्षाची मोटार काढली जात असे. पुढची जाळी बदलली, मागचे दिवे बदलले की जुनी मोटार त्या साच्यातून कायमची गेली. १९७० च्या दशकात एएमटीने काही जुने साचे शर्यतीच्या 'मॉडिफाइड स्टॉकर' मालिकेसाठी बदलून घेतले. चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या, तपशील पुसले. पोलादात केलेला हा बदल परत फिरविता येत नाही. परिणामी १९६० च्या दशकातील कित्येक मोटारींची किटे मूळ साच्यातून पुन्हा निघूच शकत नाहीत. एएमटीचे नाव ज्यांच्याकडे आले त्या 'राउंड २' कंपनीने अलीकडे काही जुन्या मोटारींसाठी नवे साचे केले आहेत, पण ते मोजक्याच मोटारींपुरते.

अशा दुर्मीळ मोटारींचे न उघडलेले खोके आज संग्राहक मोठ्या किमतीस घेतात. ते न परवडणारा संग्राहक त्याच मोटारीची एखाद्या मुलाने साठ वर्षांपूर्वी बांधलेली प्रतिकृती शोधतो. ती ब्रेक फ्लुइडसारख्या द्रवात बुडवून रंग उतरवितो, चिकटविलेले भाग सोडवितो, आणि कारखान्यातून निघाल्यासारखी 'मूळ' मोटार पुन्हा उभी करतो. त्याचे कौशल्य वादातीत आहे. परंतु या प्रक्रियेत एका मुलाने पेटीतून निवडलेली चाके, त्याने तीन थरांत चढविलेला जांभळा रंग आणि दरवाजावर हाताने रेखाटलेली ज्वाला नाहीशी होते. कारखान्याची मोटार तर छायाचित्रांत, माहितीपत्रकांत आणि संग्रहालयांत सुरक्षित आहे. त्या मुलाच्या मोटारीची दुसरी प्रत कोठेही नाही.

या प्रश्नाची जाणीव कारागिरांच्या समूहात अगदीच नाही असे नव्हे. सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात १९७९ पासून भरू लागलेल्या राष्ट्रीय स्तरावरील स्पर्धेच्या प्रवर्तकांनी नामांकित बांधणाऱ्यांच्या मोटारी जतन करणारे संग्रहालय उभारले. मात्र तेथे प्रामुख्याने विजेत्यांची कामे आहेत. पारितोषिक न मिळालेल्या, ओबडधोबड लांबी भरलेल्या, एक चाक हरवलेल्या मोटारी जुन्या वस्तूंच्या बाजारात मिश्र खोक्यांतून विकल्या जातात. विक्रेते त्यांना 'भागांसाठी उपयुक्त' अशी चिठ्ठी लावतात. ज्यांचा सांगाडा शाबूत आहे त्या प्रथम उचलल्या जातात आणि रंग उतरविणाऱ्या द्रवात जातात. ज्यांचे छत कापून खाली आणलेले आहे, दरवाज्यांच्या फटी वितळवून बुजविलेल्या आहेत, त्यांना पूर्वस्थितीत आणणे जवळजवळ अशक्य असल्याने गिऱ्हाईक मिळत नाही. त्या तशाच खोक्याच्या तळाशी पडून राहतात.